ब्रेझा की नेक्सॉन? मागच्या सीटवरून

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या 'सभासदांचे अनुभव' या कार्यक्रमात झालेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता 'वाहनांची निगा'. कागदावर मुद्देही काढले होते. पण काल संध्याकाळी लिफ्टपाशी बी विंगमधल्या एका तरुण सभासदाने मला अडवलं आणि तोच प्रश्न विचारला, जो मी रिटायर झाल्यापासून ऐकतोय. "काका, ब्रेझा घेऊ की नेक्सॉन?" मग म्हटलं, निगा राहू दे. ज्याची खरी विचारणा आहे त्यावरच बोलू.

तुम्हाला माहीत आहे, मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं काढली. त्यामुळे सोसायटीचा असा समज आहे की मला गाड्यांतलं सगळं कळतं. मला बसमधलं कळतं. बसचं एक बरं असतं, ती कोणती घ्यायची हे आम्हाला कोणी विचारत नसे. येईल ती दुरुस्त करायची. घरची गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा माझी इतरांइतकीच फजिती झाली, आणि तीच आज सांगणार आहे.

आमच्याकडे जुनी छोटी गाडी होती, १७ वर्षं चालली. गेल्या जुलैत आमच्या सौ.चे दोन्ही गुडघे बदलले. डॉक्टरांनी सांगितलं, चालायचं भरपूर, पण खाली बसून वर उठायचं नाही. आता छोट्या गाडीत माणूस बसत नाही, खाली उतरतो. म्हणजे गाडी बदलणं आलं. त्यात तिचं माहेर चिपळूणकडचं. सातारा रोडने खंबाटकी, मग उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून खाली. थांबत थांबत गेलं तर सहा तास. वर्षातून तीन-चार फेऱ्या ठरलेल्या. जाताना चौघं, येताना चौघं आणि आंब्याच्या पेट्या.

घरात तीन पक्ष पडले. चिरंजीव नेक्सॉनचे. सूनबाईंना फक्त ऑटोमॅटिक हवी होती, नाव कोणतंही असो, कारण रोज हिंजवडीला जाणं-येणं तिचं आहे, आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून डावा पाय कामातून जातो. आणि मी ब्रेझाचा. चौथं माणूस, जिच्यासाठी गाडी घ्यायची होती, तिला कोणीच विचारलं नव्हतं. हे मला तेव्हा लक्षातसुद्धा आलं नाही. चेतक घेतली तेव्हा विचारलं नव्हतं, छोटी गाडी घेतली तेव्हाही नव्हतं. ती आपली कुंकू, नारळ घेऊन पूजेला हजर.

आधी माझ्या पक्षाचं सांगतो. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, चार सिलिंडरचं, टर्बो नाही. नेक्सॉनचं ११९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, टर्बो लावलेलं. वर्कशॉपमधला माणूस हे ऐकल्यावर पहिल्याकडेच झुकणार. भाग कमी तितकी कटकट कमी, ही आमची शिकवण. चार सिलिंडरचं इंजिन चालतंही मऊ, सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगवर थरथर येत नाही. ऑटोमॅटिकमध्येही ब्रेझाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, जुनी आणि रुळलेली पद्धत. नेक्सॉनमध्ये दोन प्रकार, एक एएमटी आणि एक दोन क्लचवाला. एएमटी म्हणजे गिअरबॉक्स तोच, क्लच तोच, फक्त दाबणारा पाय मशीनचा. म्हणून चढावर गिअर बदलताना ती जरा श्वास घेते. दोन क्लचवाल्यात पुढचा गिअर आधीच तयार असतो, त्यामुळे तो धक्का जाणवत नाही.

चिरंजीवांचं म्हणणं, "बाबा, कुंभार्ली घाटात पाच माणसं बसल्यावर बघा." हे त्याचं बरोबर होतं, आणि मला ते कबूल करायला तीन रविवार लागले. टर्बोवाल्या इंजिनाचा पूर्ण जोर १७५० च्या आसपास फेऱ्यांना मिळतो, १७० न्यूटन मीटर. ब्रेझाचा सुमारे १३७, आणि तोही ४४०० फेऱ्यांच्या आसपास. म्हणजे भरल्या गाडीने घाट चढताना ब्रेझाला गिअर उतरवून इंजिन ओरडवावं लागतं. चढते, अडत नाही, पण ओरडते. सपाटीवर आणि शहरात या फरकाला काही अर्थ नाही. ज्यांचं गाव घाटापलीकडे आहे त्यांनीच याचा विचार करावा. आणि टर्बो गाडी घेतलीच तर घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू द्या. टर्बोला थंड व्हायला वेळ लागतो.

किमतीचं थोडक्यात. दोन्ही गाड्यांची लांबी किती माहीत आहे? ३९९५ मिलिमीटर. दोन्हींची! चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. हा योगायोग नाही. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली गाडी ही 'छोटी गाडी' आणि तिला कर कमी, म्हणून सगळे तिथेच कापतात. पण नुसती लांबी पुरत नाही, पेट्रोल इंजिनही १२०० सीसीच्या आत हवं. नेक्सॉन बसते, ब्रेझा बसत नाही. गेल्या वर्षी २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशी, जीएसटीचे नवे दर लागले. नेक्सॉन पेट्रोलवरचा कर सेससह २९ टक्क्यांवरून १८ वर आला. ब्रेझावरचा ४५ वरून ४० वर. ज्यांनी दसऱ्यापर्यंत कळ काढली त्यांचे बरेच पैसे वाचले. आम्ही कळ काढली होती, पण हुशारीने नव्हे. घरातलं भांडण मिटत नव्हतं म्हणून.

आता सीएनजीचं, कारण ते बरेच जण विचारतात. ब्रेझा सीएनजीमध्ये मिळते, पण टाकी डिकीत बसते आणि डिकी जवळजवळ संपते. नेक्सॉन सीएनजीमध्ये दोन लहान टाक्या खाली बसवल्यात, तरी ३२१ लिटर डिकी राहते. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला वॉकर बरोबर लागतो. मी शोरूमला वॉकर घेऊनच गेलो. तिथला मुलगा आधी गोंधळला, त्याला वाटलं काका पडणार. मी म्हटलं, "बाळा, हा मला नको, गाडीला लावून बघायचाय." पेट्रोलच्या दोन्ही गाड्यांत घडी घातलेला वॉकर आडवा बसला. ब्रेझाची डिकी ३२८ लिटर, नेक्सॉनची ३८२. एका बॅगेचा फरक. तुमच्या घरात व्हीलचेअर असेल, बाळाची गाडी असेल, तबला-डग्गा असेल, तर ती वस्तू बरोबर न्या. लिटरचे आकडे वाचून काही कळत नाही.

इथपर्यंत दोघंही आपापल्या ठिकाणी ठाम. मग चिरंजीवांनी ताऱ्यांचा विषय काढला, आणि तो निघाला की मी गप्प बसतो. कारण सांगतो. हे मी सोसायटीत कधी बोललो नव्हतो.

२०११ साली मी आमची जुनी गाडी चालवत होतो. चिपळूणहून परत येत होतो. चिरंजीव माझ्या शेजारी, तेव्हा १७ वर्षांचा. मागे माझे मेहुणे, सौ.चे थोरले भाऊ, एकटेच. पाटणच्या पुढे एक वळण ओलांडलं आणि समोर बैलगाडी आडवी. मी ब्रेक दाबला, गाडी घसरत जाऊन कडेच्या झाडावर आदळली. वेग पन्नासच्या आसपास असेल. बैलांना काही झालं नाही. मला आणि मुलाला पट्टा होता, आम्हाला खरचटलं. मेहुणे मागून उडून माझ्या सीटच्या पाठीवर आले. खांदा आणि मानेचं हाड. वाचले. पण उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. ज्या माणसाचं आयुष्य आंब्यावर चढण्यात गेलं, तो माणूस गेली १५ वर्षं खाली उभा राहून गड्यांना फांद्या दाखवतो.

त्यांनी पट्टा का लावला नव्हता? त्यांनी शोधला होता. चिपळूण सोडताना विचारलंही होतं, "मागे पट्टा नाही का हो?" आणि मी, एसटीच्या वर्कशॉपमधला, मी म्हटलं होतं, "मागच्याला कशाला पट्टा?" गाडीत पट्टे होते. मीच नवी सीट कव्हरं घालून घेताना मागची बक्कलं खाली दाबून टाकली होती. वर आलेली दिसायला बरी वाटत नव्हती.

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आतल्या सुट्या माणसाला जो मार बसतो तो साधारण दहा मीटरवरून पडल्याइतका. आपल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पार्किंगमध्ये. हे गणित मला त्या आधीही येत होतं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, मागे बसले होते, पट्टा नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर महिनाभर सगळे मागच्या पट्ट्याबद्दल बोलत होते. आमच्या घरात त्या बातमीच्या वेळी टीव्ही कोणी तरी बंद केला.

तर तारे. नेक्सॉनला २०१८ च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, भारतात बनून भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत पहिलीच. गाडी आपल्या रांजणगावची, याचा मला पुणे जिल्ह्याचा माणूस म्हणून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. २०२४ मध्ये भारत एनकॅपमध्येही पाच. त्या आधीच्या पिढीच्या ब्रेझाला २०१८ मध्ये चार मिळाले होते, आणि तेव्हा चार म्हणजे कमी नव्हते. पण मी चिरंजीवांना म्हटलं, आणि तुम्हालाही सांगतो, की समोरून धडकवण्याची ती चाचणी ताशी ६४ ला होते आणि आतल्या पुतळ्यांना पट्टे बांधलेले असतात. पट्टा नसेल तर ते तारे दुसऱ्या कोणाचे तरी आहेत. त्यावर तो एवढंच म्हणाला, "बाबा, या वेळी मागे आई बसणार आहे."

मग माझ्या पक्षाला काही अर्थ उरला नाही. पण मी एक अट घातली. आई स्वतः बसून बघेल आणि ती सांगेल ती गाडी.

तर एका शनिवारी आम्ही तिला दोन्हीकडे घेऊन गेलो. शोरूमवाले पुढची सीट उघडून देतात, चालवणाऱ्याला बसवतात, स्क्रीन दाखवतात. मी म्हटलं, मागचा दार उघडा. आधी ब्रेझा. ती उंच आहे, सरळ आहे, १६८५ मिलिमीटर उंची. सौ. दाराकडे पाठ करून उभी राहिली, डॉक्टरांनी शिकवलंय तसं आधी टेकली, मग पाय आत घेतले. डोकं वाकवावं लागलं नाही. खिडकी मोठी, बाहेरचं दिसतं. खूश झाली. मी चिरंजीवांकडे विजयी मुद्रेने बघितलं.

मग नेक्सॉन. उंची १६२०, छप्पर मागे उतरत जातं. टेकताना तिला मान वाकवावी लागली, कुरकुरली. पण बसल्यावर मांडीखाली सीट गुडघ्यापर्यंत पुरली, पाठ मागे रेलली. मग दोन्ही गाड्या आम्ही एकाच रस्त्यावरून फिरवल्या, आपल्या गेटबाहेरचे ते तीन स्पीडब्रेकर आणि पुढचा खड्ड्यांचा पट्टा, कॉर्पोरेशनची आपल्यावर कृपा आहेच. मागे ती, तिच्या शेजारी मी. नेक्सॉन खड्ड्यातून मऊ गेली. ब्रेझात तिने दोनदा गुडघ्यावर हात ठेवला. ती काही बोलली नाही, पण तो हात मी ओळखतो.

घरी येऊन चहा घेताना ती म्हणाली, "चढायला ती बरी, बसायला ही बरी." झालं. तीन महिने आम्ही इंजिन, टर्बो, जीएसटी करत होतो आणि तिने एका घोटात निकाल दिला. आम्हाला चढायचं दिवसातून एकदा-दोनदा, आणि चिपळूणला जाताना बसायचं सहा तास. चढण्यावर उपाय निघतो. मी सुताराकडून पाच इंच उंचीचा पाट करून घेतला, खाली रबर लावलेला, तो डिकीत असतो. बसण्यावर उपाय निघत नाही. नेक्सॉन आली. दोन क्लचवाली, त्यामुळे सूनबाईही खूश.

पण थांबा, आता कोणी उठून नेक्सॉन बुक करायला जाऊ नका. दिवाळीनंतर ए विंगमधल्या आपल्या एका सभासदांनी मला हाच प्रश्न विचारला. त्यांच्या आईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. हॉस्पिटल चार किलोमीटर. मी त्यांना विचारलं, आठवड्याला किती वेळा चढ-उतार? जाताना-येताना मिळून सहा वेळा चढायचं, सहा वेळा उतरायचं. बसायचं पंधरा मिनिटं. आणि परत येताना त्या माउलीच्या अंगात त्राण नसतं. घाट नाही, गाव नाही. मी त्यांना डोळे झाकून ब्रेझा सांगितली, आणि त्यांनी घेतली. आजी आता लेकाचा हात न धरता उतरतात. मी गेटपाशी खुर्ची टाकून बसतो, मला दिसतं.

आता एक पार्किंगचं बोलतो, चेअरमनसाहेबांनी कान बंद करावेत. आपली बिल्डिंग झाली तेव्हा निम्म्या सभासदांकडे मारुती ८०० होती. रुंदी १४४० मिलिमीटर. मी आपले स्टिल्टमधले खांब टेपने मोजले, माझ्या जागेत खांबापासून खांबापर्यंत ७ फूट १० इंच. ८०० उभी केली की दोन्ही बाजूंना मिळून तीन फुटांच्या वर जागा राहायची. नेक्सॉन १८०४, ब्रेझा १७९०. आता दोन्ही बाजूंना मिळून दोन फूटसुद्धा राहत नाहीत, आणि यात आरसे धरलेले नाहीत. दोन गाड्यांतला फरक चौदा मिलिमीटर, त्यावर भांडू नका. पण गाडी बुक करण्याआधी आपल्या जागेत दार किती उघडेल हे खडूने आखून बघा. गुडघे बदललेल्या बाईला अर्धवट उघडलेल्या दारातून बाहेर पडता येत नाही.

आमच्याकडे तेच झालं. गाडी आली आणि पहिल्याच दिवशी सौ. आत अडकली. शेवटी परत बाहेर काढून गेटपाशी उतरवली, पावसात. त्यानंतर ज्या सभासदांची जागा भिंतीच्या कडेला आहे, जिथे एका बाजूला खांब नाही, त्यांनी स्वतःहून येऊन सांगितलं, "काका, माझी स्कूटर आणि छोटी गाडी आहे, मला तुमची जागा चालेल." कमिटीने लेखी अर्ज घेऊन एका मिटिंगमध्ये बदल करून दिला. पंचवीस वर्षांत पार्किंगवरून आपण किती वार्षिक सभा गाजवल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्या इतिहासात ही एक नोंद असू द्या. त्यांचं नाव घेत नाही, ते समोरच बसलेत आणि लाजतायत.

गेल्या महिन्यात आम्ही चिपळूणला जाऊन आलो. येताना मेहुणे बरोबर होते, त्यांना इथे डोळे दाखवायचे होते. मागे बसले, सौ.च्या शेजारी. डाव्या हाताने पट्टा ओढला, मला म्हणाले, "भावोजी, बक्कल वर आहे ना?" हसत म्हणाले. मी गाडीतून उतरलो, मागचा दार उघडला आणि माझ्या हाताने लावून दिला.

तेव्हा माझी एक विनंती आहे. येत्या रविवारी सकाळी १० वाजता मी कात्री आणि उसवणी घेऊन पार्किंगमध्ये बसणार आहे. ज्यांच्या गाडीतली मागची बक्कलं कव्हराखाली गेली असतील त्यांनी गाडी घेऊन यावं, पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांच्या पुढच्या सीटच्या कडेला 'एअरबॅग' असं लेबल आहे आणि वरून कव्हर घट्ट शिवलंय, त्यांनीही यावं, कारण ती बॅग सीटच्या शिवणीतूनच फुटून बाहेर यायची असते. गाडी कोणतीही चालेल, ब्रेझा, नेक्सॉन, जुनी ८०० असली तरी.

मला दहा मिनिटं दिली होती, सेक्रेटरी मघापासून घड्याळ दाखवतायत. बटाटेवडे गार होतायत. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.